घरातल्या हिंसेवर पुरुषांसोबत काम करायचंय? खान्देशात सामाजिक उद्योग उभारणाऱ्या नवख्यांसाठी

डिसेंबरातली संध्याकाळ. यावलकडच्या एका मळ्यात कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करून वांगी भाजायला टाकली होती. वीस-बावीस पुरुष जमलेले. कोणी हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचत होतं, कोणी कांद्याची पात चिरत होतं, एक जण कढईत शेंगदाणे तळत होता. भाजलेलं वांगं सोलताना बोटं पोळतात, तरी कोणाची कुरकुर नव्हती. मी सहज विचारलं, "घरी कधी करता का हे?" सगळे हसले. चाळिशीतला एक भाऊ म्हणाला, "घरी केलं तर आई म्हणेल, बायको काय मेली का?" पुन्हा हशा झाला. मग तोच जरा वेळाने जाळाकडे बघत म्हणाला, "घरी मीठ जास्त झालं तर मी ताट फेकतो. इथं कमी-जास्त झालं तरी कोणी कोणाला बोलत नाही."

मी जे काम करतो ते या वाक्यापासून सुरू होतं. तुम्ही जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात असं काही उभारायच्या विचारात असाल, तर मी जे पाहिलं, जिथे चुकलो आणि आता ज्या क्रमाने करतो, ते इथे लिहितोय. सामाजिक उद्योग म्हणजे मी काय धरतो तेही आधीच सांगतो. सेवा विकून पैसा मिळवायचा, नफा वाटून घ्यायचा नाही, तो त्याच कामात लावायचा. फक्त अनुदानावर गट चालवले की अनुदान संपल्याच्या महिन्यात गटही संपतात, आणि नुकतेच बोलायला लागलेले पुरुष पुन्हा टपरीवर जाऊन गप्प होतात.

पहिलं काम: पुरुषांकडे नाही, बायांकडे जा

पुरुषांसोबत काम करायचं म्हणून सरळ पारावर जाऊन बसू नका. आधी दोन-तीन महिने बायांचं ऐका. तुम्ही पुरुष असाल तर हे काम सोबतच्या बाईने करायचं, तुम्ही नाही. बचत गटाची बैठक, अंगणवाडी सेविका, आशाताई, मिरचीच्या पथारीवर किंवा कापूस वेचणीला जाणाऱ्या मजूर बाया ही सुरुवातीची माणसं. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास माहेरवाशिणी गावात असतात, झोक्यावर असतात, सासरच्या घरापासून लांब असतात. वर्षभरात बाई सगळ्यात मोकळी बोलते ती या दिवसांत.

विचारायचं एवढंच की गावात बाईला कशाचा त्रास होतो, तेव्हा कोण मधे पडतं, मधे पडलेल्यामुळे त्रास कमी झाला की वाढला. तिच्या स्वतःच्या घराचं खोदून विचारू नका. तिला सांगायचं असेल तर ती सांगते, आणि तेव्हा पुढे काय करायचं याची तयारी तुमच्याकडे आधीच असली पाहिजे.

तयारी म्हणजे खिशात मावेल असं एक कार्ड. त्यावर तातडीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१, मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा (कौटुंबिक हिंसेच्या कायद्याखाली बाईला मदत करणारा सरकारी माणूस) नंबर आणि जिल्ह्यातल्या सखी वन स्टॉप सेंटरचा (हिंसा सोसलेल्या बायांसाठीचं सरकारी मदत केंद्र) पत्ता. नंबर छापण्याआधी प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन करून बघा, जमलं तर जाऊन चहा पिऊन या. ज्या दाराशी आपण बाईला पाठवणार ते दार उघडतं का, हे आपल्याला ठाऊक हवं.

का एवढी काळजी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायांपैकी सुमारे २९ टक्के बायांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. ज्यांनी हिंसा सोसली त्यांतल्या तीनचतुर्थांशांहून जास्त जणींनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. म्हणजे तुमच्यापाशी एखादी बोलली, तर ती बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच बोलतेय.

दुसरं: पुरुष कुठे आणि कधी सापडतात

सभा बोलावली की येतात ते पुढारी. ज्याच्याशी बोलायचंय तो येत नाही. तो सलूनमध्ये नंबर लावून बसलेला असतो, कापसाच्या जिनिंगच्या गेटवर ट्रॅक्टरची रांग सरकायची वाट बघत असतो, केळीचा ट्रक भरून झाल्यावर वखारीच्या ओट्यावर टेकलेला असतो. धुळ्यात लूमची पाळी सुटते त्या वेळेला चहावाल्याकडे बसून बघा. तुमचा गट तिथूनच निघेल.

वेळेचं गणित शेतीशी जुळवा. वेचणीच्या ऐन महिन्यांत संध्याकाळी माणूस सापडत नाही, लग्नसराईत तर दिवसाही नाही. मला पोळ्यापासून नवरात्रापर्यंतचा आणि पुन्हा संक्रांतीनंतरचा काळ बरा पडलाय. गणपतीत मंडळाची पोरं रोज एकत्र असतात. मंडपात भाषण ठेवायचं नाही, पण त्या दिवसांत ओळखी होतात आणि विसर्जनानंतर गट बसवता येतो.

भाषा हा विषय मी शेवटपर्यंत ताणेन. गट अहिराणीत चालवा. लेवा पाटलांच्या गावात तिथल्या बोलीत, शहाद्याच्या पलीकडे डोंगरात भिलीत किंवा पावरीत. प्रमाण मराठीत विचारलं की पुरुष शाळेतल्यासारखं उत्तर देतो, 'स्त्री-पुरुष समान आहेत सर.' अहिराणीत विचारलं की आधी "तुले काय करनं शे?" (तुला काय करायचंय?) येतं. हे उलटं उत्तर मला जास्त आवडतं, कारण त्यात खरं बोलणं सुरू झालेलं असतं.

आणि खान्देश एकसारखा नाही. तापीकाठच्या गावात हुंड्याचं बोलणं निघतं, सातपुड्यात देज असते, म्हणजे नवऱ्याकडून मुलीच्या घरी पैसे जातात. तिथे नवरा म्हणतो, आम्ही पैसे मोजून आणलीय. दोन्हीकडे बाई मालमत्ताच ठरते, पण बोलण्याची सुरुवात वेगळी करावी लागते. नंदुरबारहून ऊसतोडीला गुजरातेत जाणारी जोडपी असतात. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, मात्र नवऱ्याच्या हातात. या गावांत दिवाळीनंतर गट बसवायला गेलात तर गावात फक्त म्हातारे आणि पोरं भेटतील. शिवाय २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या दर हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. लग्न न जमलेल्या तरुणांचा राग आज प्रत्येक गटात बसलेला असतो. तो राग ऐकून घ्या. मग मुली कमी का झाल्या हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

आधी झालेलं काम माहीत असू द्या

पुरुषांसोबतचं हे काम आपल्याकडे नवं नाही. १९९१ मध्ये मुंबईत पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन विचारलं होतं, बायकोला मारणं चुकीचं आहे असं मानणारे पुरुष आहेत का. २०५ जणांनी उत्तर दिलं. त्यातून १९९३ मध्ये 'मावा', म्हणजे मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज, ही संघटना उभी राहिली. मुंबईतच 'परिवर्तन' या कार्यक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांना तयार केलं गेलं, कारण पोरं प्रशिक्षकाचं ऐकतात. 'ब्रेकथ्रू' संस्थेची 'बेल बजाओ' मोहीम २००८ ची. शेजारच्या घरात मारहाण ऐकू आली की जाऊन बेल वाजवा, काहीही निमित्त काढा. आपल्या वाड्यांना बेल नसते, कडी असते. कल्पना तीच.

शेतकऱ्यांमध्ये बोलताना मी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हमखास काढतो. पुरुषांनी आपणहून जमीन बायकोच्या नावावर करून द्यायची, असं तेव्हा गावोगाव सांगितलं गेलं आणि कित्येकांनी केलं. साठीतल्या शेतकऱ्याला हे आठवतं. बाहेरून आलेलं काही आपण लादत नाही, हे त्याला तिथेच पटतं. पोरांच्या गटात मात्र साने गुरुजी. अमळनेरच्या छात्रालयात मुलांची अंथरुणं आवरणारा, आजारी मुलाच्या उशाशी बसणारा हा पुरुष आपल्याच मातीत शिकवून गेला.

गट चालवणारी माणसं

चांगला वक्ता घेऊ नका. त्याला ऐकता येत नाही. गावातल्याच, दहावी-बारावी झालेल्या, लोक ज्याच्याशी घरचं बोलतात अशा माणसाला घ्या. मला सगळ्यात चांगले दोघे मिळाले ते एक सलूनवाला आणि एक निवृत्त एसटी वाहक.

निवड करताना त्याच्या घरची चौकशी करावीच लागते. बायकोला समोर बसवून विचारायचं नाही, ती नवऱ्यादेखत काय सांगणार? गावातल्या आशाताई, शेजारच्या बाया, त्याची बहीण यांच्याकडून आपल्या सहकारी बाईने अंदाज घ्यायचा. घेताना लेखी ठरवा की त्याने घरात हात उचलल्याचं कळलं तर त्याचं काम त्याच दिवशी थांबेल. आम्हाला एकदा हे करावं लागलं. माणूस हुशार होता, गट त्याच्यावर खूश होता, आणि घरी तो बायकोला सांगत होता, "मी पोरांना शिकवतो, तू मला शिकवू नको." आम्हाला कळायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांचं ओझं अजून आहे माझ्यावर. तेव्हापासून दर महिन्याला बायांची समिती आम्हाला विचारते आणि गट चालवणाऱ्यांच्या घरची खबर घेते.

ही समिती नावापुरती ठेवू नका. गावातल्या पाच-सात बाया, त्यात एखादी हिंसेतून बाहेर पडलेली, एखादी दलित किंवा आदिवासी वस्तीतली. कुठला गट चालू ठेवायचा, कुठला बंद करायचा, हा शेवटचा शब्द त्यांचा. आणि एक नियम लिहून ठेवा: बायांच्या निवाऱ्यासाठी, समुपदेशनासाठी आलेला पैसा पुरुषांच्या कामाकडे वळवायचा नाही.

बारा संध्याकाळी

एका भाषणाने काही होत नाही. पंधरा ते वीस पुरुष, तेच तेच, आठवड्यातून एक संध्याकाळ, बारा आठवडे. दीड तासाच्या वर नको. चहा असतोच. पहिल्या दोन बैठकांत हिंसा हा शब्दच काढत नाही.

पहिली संध्याकाळ घड्याळाची. कागदावर दोन गोल काढायचे, एक वेचणीच्या दिवसातला स्वतःचा, एक बायकोचा. एका गावात एका जणाने बायकोच्या गोलात दुपारी दोन ते तीन 'आराम' लिहिलं. शेजारी बसलेला त्याचा चुलतभाऊ म्हणाला, "दोनला तर ती आमच्या बांधावरून गाठोडं घेऊन येताना दिसते रोज." त्याने खोडलं. मग पहाटे साडेचार लिहिलं, पाणी लिहिलं, भाकरी, जनावरांचं, परत भाकरी. रात्री अकरापर्यंत गोल भरला तेव्हा आपल्या गोलाकडे बघून त्याने पेन खाली ठेवला. आम्ही काही बोललो नाही. त्या वेळी सुलभकाने, म्हणजे गट चालवणाऱ्याने, तोंड उघडलं की संध्याकाळ वाया गेली असं समजा.

तिसऱ्या-चौथ्या वेळी राग. "राग येतो, हात उठतो, काय करणार?" हे प्रत्येक गटात येतं. मी विचारतो, सावकाराचा राग येतो का? येतो. बँकेत तीन वेळा परत पाठवतात तेव्हा? येतो. मुकादम उचल कापतो तेव्हा? येतो. मग त्यांच्यावर हात किती वेळा उठला? दारूचंही तसंच. पिऊन आलेला माणूस चौकातल्या पोलिसाला मारत नाही, गावच्या पाटलाला मारत नाही, बरोबर घर शोधून बायकोलाच मारतो. म्हणजे नशेतही कोणावर हात टाकायचा हे कळतं. दारू सुटावी यासाठी मदत जरूर करा, पण दारू सुटली की मार थांबेल, असं कोणालाही सांगू नका. दारू न पिणारे मारणारे मी भरपूर पाहिलेत.

पाचवी पैशाची. कापूस विकल्याची पट्टी कोणाच्या हातात येते, बचत गटाच्या कर्जाचे हप्ते कोण फेडतं आणि पैसा कोणी वापरला, बायकोचं एटीएम कार्ड कोणाच्या खिशात आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण कायदा, २००५, यात आर्थिक छळ ही हिंसाच आहे, हे कळल्यावर पुरुष खरोखर चकित होतात. मारणं म्हणजे हिंसा एवढंच त्यांना ठाऊक असतं. शिवीगाळ, टोमणे, घराबाहेर काढण्याची धमकी, जबरदस्तीचा शरीरसंबंध, हे सगळं त्या कायद्यात आहे.

सहावीला घाई करू नका. त्या संध्याकाळी आपला बाप आठवायचा. दिवे मंद ठेवतो, मोबाइल बाहेर. धुळ्यातला एक पन्नाशीचा हमाल बोलायला लागला की बाप यायच्या वेळेला तो धाकट्या बहिणीला घेऊन कणगीमागे लपायचा आणि तिचे कान दाबून धरायचा. "तिला ऐकू जाऊ नये म्हणून. माझे कान कोण दाबणार?" असं म्हणाला आणि थांबला. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "माझा पोरगा मी आलो की गच्चीवर जातो." या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला फोन करायचा असतो. विसरू नका.

संशय आणि मोबाइल तपासणं, शरीरसंबंध आणि 'नको' म्हणण्याचा हक्क, हे विषय सातव्या-आठव्या बैठकीच्या आधी घेऊ नका. तोपर्यंत गटाचा एकमेकांवर भरवसा बसलेला नसतो आणि सगळं विनोदावर जातं.

कायद्याच्या संध्याकाळी एक प्रश्न ठरलेला: "खोट्या केसेसचं काय?" टाळू नका. सासरच्या छळाचं जुनं कलम चारशे अठ्ठ्याण्णव-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे, १ जुलै २०२४ पासून. आपोआप अटक करू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलंय. २००५ चा कायदा मुळात दिवाणी आहे. त्यात बाईला घरात राहण्याचा हक्क, पोटगी, संरक्षणाचा आदेश मिळतो, आणि तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे शांतपणे सांगितलं की निम्मी भीती उतरते. उरलेल्या निम्म्यासाठी मी विचारतो, तुमच्या गावात खोटी केस केलेल्या किती बाया तुम्ही नावानिशी ओळखता, आणि मार खाऊन गप्प बसलेल्या किती?

शेवटच्या बैठकीत प्रत्येकाने एक काम ठरवायचं, लहान, पण दुसऱ्याला दिसेल असं. बायकोचं एटीएम कार्ड तिला परत देणं. बहिणीच्या घरी जाऊन मेव्हण्याशी बोलण्याऐवजी बहिणीला एकटीला विचारणं, तुला काय हवंय. शेजारी आवाज झाला की कडी वाजवून वाटीभर साखर मागणं.

पैसा कुठून

एका गटाचा खर्च मी असा धरतो. दोन सुलभक, प्रत्येकी ५०० रुपये, बारा बैठका: १२,०००. चहा ३०० प्रमाणे ३,६००. पेट्रोल २०० प्रमाणे २,४००. कागद, कार्ड, छपाई २,०००. झाले २०,०००. त्यात बायांच्या भेटी घेणाऱ्या दोघी जणींचं मानधन ४,०००. एकूण २४,०००. तुमच्या तालुक्याच्या दराने आकडे बदला, पण बायांच्या भेटींची ओळ कापू नका. तंगी आली की सगळ्यात आधी तीच कापली जाते.

विकायचं काय? सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक म्हणजे कारखाने. २०१३ च्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि मालकाने कामगारांसाठी जाणीव-जागृतीच्या कार्यशाळा घ्यायच्या असतात. जळगाव एमआयडीसीतल्या दाळ मिल, चटईचे कारखाने, पाइपचे कारखाने, धुळ्याची अवधान एमआयडीसी: कित्येकांनी समितीचा फक्त फलक लावलाय. तुम्ही कायद्यातलं प्रशिक्षण नीट द्या, त्याची फी घ्या आणि पुरुष कामगारांसोबत घरच्या विषयाची एक जादा बैठक त्याच करारात बसवा. दिवसाला ८,००० रुपये घेतले तर तीन कार्यशाळांत गावातला एक गट उभा राहतो. पहिली कार्यशाळा फुकट देऊ नका. फुकट दिलेलं मालक शेवटच्या अर्ध्या तासावर आणतो.

दुसरं गिऱ्हाईक समाजाची मंडळं. वधू-वर परिचय मेळावा आणि सामूहिक विवाह आपल्याकडे मोठे होतात, आणि सुरत, नाशिक, पुण्यातली खान्देशी मंडळंही भरवतात. नवरदेवांसाठी तीन तासांचं सत्र द्या: पगार कोणाच्या खात्यात, आई आणि बायको यांच्यात आपण कुठे उभे राहायचं, भांडण कसं थांबवायचं, मूल कधी. मंडळ नोंदणी फीमधून प्रत्येकी थोडी रक्कम देऊ शकतं. मंडळाचे जुने पदाधिकारी आधी हसतात. नंतर त्यांच्याच एखाद्या घटस्फोटाची गोष्ट सांगतात आणि तारीख देतात.

भरीत-पुरीचा धंदा कराल का? मी एका हिवाळ्यात केला. गटातल्या पुरुषांनी स्वयंपाक करायचा, ऑर्डरी घ्यायच्या, नफा कामात. नफा झाला. पण सहा आठवड्यांत दोन गट मोडले, कारण सुलभक वांगी भाजण्यात अडकले, आणि पुऱ्यांची कणीक मळायला घरच्या बायांना बसवलं जातंय हे मला उशिरा दिसलं. आता भरीत आम्ही फक्त गटाच्या शेवटच्या संध्याकाळी करतो. कणीक पुरुषच मळतात, भांडीही तेच घासतात, आणि जेवायला घरच्या बाया येतात.

कागदपत्रं

पहिला हंगाम नोंदणीशिवाय, एखाद्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली काढा. काम जमतंय का ते कळल्याशिवाय कागदात अडकू नका. जमलं तर दोन वाटा. संस्था नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, किंवा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली कंपनी. फी घेऊन सेवा द्यायच्या असतील तर मला कलम ८ बरी वाटते. कंपन्यांना तिच्याशी करार करणं सोपं जातं आणि नफा वाटता येत नाही हे कायद्यातच असतं. प्राप्तिकरातल्या सवलतीच्या नोंदण्या (१२अ आणि ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पहिली संस्थेसाठी, दुसरी देणगीदारांसाठी) लवकर मागा. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, पैसा हवा असेल तर सीएसआर-१ अर्ज लागतो आणि साधारण तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, म्हणून पहिल्या दिवसापासून हजेरी आणि हिशेब नीट ठेवा. फीचं उत्पन्न किती चालतं, यावर प्राप्तिकराच्या मर्यादा आहेत. सेवांची उलाढाल वर्षाला वीस लाखांवर गेली की जीएसटी. एक चांगला सीए गाठा आणि वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा, मार्चमध्ये नाही.

पुढे २००५ च्या कायद्याखाली 'सेवा पुरवठादार' म्हणून नोंदणी करता येते. पण त्यासाठी बायांसोबत काम करणारी प्रशिक्षित माणसं हवीत. तुमच्याकडे नुसते पुरुषांचे गट असतील तर ती नोंदणी घेऊ नका.

बैठकीचा मोह

हा भाग मी सगळ्यात जास्त काळजीने लिहितोय. थोडं नाव झालं की गावातले लोक तुमच्याकडे भांडणं आणतील. 'तुम्ही बसा, मिटवून टाका.' बसू नका. ओट्यावर दोन्हीकडची माणसं जमतात, सगळ्यांदेखत बाईला विचारतात, "सांग, नांदायचं का?" ती मान हलवते, नारळ फुटतो, आणि रात्री दार लागल्यावर त्या मान हलवण्याची किंमत तीच मोजते. आमच्याकडे नियम आहे: गटातल्या कोणत्याही पुरुषाच्या घरच्या वादात आम्ही समझोता करत नाही. बाईला कार्ड, सोबत आणि तिला हवी ती वाट. संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं, पोलिसात जायचं, माहेरी जायचं की अजून थांबायचं, हे ती ठरवते.

गटात कोणी कबुली दिली, "परवा मारलं", तर टाळ्या वाजवू नका, शाबासकी देऊ नका. विचारायचं, ती आत्ता कुठे आहे, तिला लागलंय का. त्याच रात्री सहकारी बाईला कळवायचं आणि आशाताईंमार्फत, नवऱ्याने गटात काय सांगितलं याचा उल्लेख न करता, तिची खबर घ्यायची. गटातलं गटात राहतं हे पहिल्या दिवशी सांगतानाच अपवादही सांगा: जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार असेल तर ते बाहेर जाणार. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची खबर देणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

नवऱ्याला 'गृहपाठ' देताना दहादा विचार करा. आमच्या एका जुन्या गटात "बायकोला विचारून या, तिला तुमच्या कोणत्या वागण्याचा त्रास होतो" असं दिलं होतं. एक जण विचारून आला. तिने खरं सांगितलं होतं, आणि त्या खऱ्याबद्दल तिला बोलणी खावी लागली. तेव्हापासून बायकोने काही करावं किंवा सांगावं लागेल असा गृहपाठ आम्ही देत नाही.

मोजायचं काय

पुरुषांच्या हातून फॉर्म भरून घेतलात तर सगळे सुधारलेले निघतील. हजेरीवर लक्ष ठेवा: आठव्या संध्याकाळी किती उरले? बारा उरले असतील तर गट चांगला. शेवटी ठरवलेलं काम किती जणांनी केलं, हे तीन महिन्यांनी दुसऱ्या गटातल्या माणसाने बघावं. कार्डावरच्या नंबरांवर गावातून फोन वाढले तर घाबरू नका, देणगीदारालाही आधीच सांगून ठेवा. हिंसा वाढली म्हणून नव्हे, बाई बोलायला लागली म्हणून ते वाढतात. 'हिंसामुक्त गाव' असा फलक कोणी मागितला तर नम्रपणे नाही म्हणा. तो लागला की पुढची तक्रार करणारी बाई गावाची बदनामी करणारी ठरते.

खरं उत्तर बायांकडून येतं, आणि तेही सुरक्षित असेल तरच घ्यायचं: वेगळ्या दिवशी, बचत गटाच्या निमित्ताने, पुरुषांच्या गटाचं नाव न घेता, नवऱ्याशी न जोडता. गट संपल्यावर सहा महिन्यांनी आणि मग पुढच्या अखजीला. मागच्या वर्षी झोक्याशी बसलेल्या एकीला आमच्या सहकारी ताईंनी विचारलं, गावात काही फरक वाटतो का. ती म्हणाली, "ताट फेकत नाही आता. पण गप्प बसतो दोन-दोन दिवस, ते पण सांगा त्यांना." आमच्या बारा संध्याकाळींत अबोल्याचा विषय नव्हता. यंदा नववी बैठक आम्ही त्यावर घेतोय.